गल्लीतला कॅमेरा
मुंबईच्या स्वतंत्र हिप-हॉप व्हिडिओंबद्दल 'पैसे नव्हते म्हणून गल्लीत शूट केलं' एवढंच बोललं जातं, ते मला अपुरं वाटतं. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने २०१४ मध्ये 'आफत' या गाण्याचा व्हिडिओ आयपॅडवर केला. अरुंद गल्लीत कॅमेऱ्याला मागे सरकायला जागाच नसते; म्हणून चेहरा फ्रेम भरून अंगावर येतो, बघायला जमलेली पोरं आपसूक गाण्यात शिरतात. ही शैली जागेनेच घडवली. कुणी म्हणेल, हे गरिबीचं प्रदर्शन झालं. पण इथे काय दाखवायचं, काय झाकायचं हे वस्तीतलाच माणूस ठरवतो. 'गली बॉय' (२०१९) या चित्रपटानंतर या शैलीचा साचा झाला, हा आक्षेप मात्र रास्त आहे. भरपूर पैसा ओतून मुद्दाम हलवलेला कॅमेरा लगेच ओळखू येतो: त्यात मागची माणसं नुसती सजावटीला उभी असतात.