कमी पाण्यात गालिचा साफ करताना पॅड कोणता घ्यावा?

आपल्या पारशिवनी तालुक्यात पेंचच्या जंगलालगत रिसॉर्ट आहेत. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातली सफारी बंद असते, तेव्हाच खोल्यांची साफसफाई निघते. पण नेमकी तेव्हा हवा दमट. भरपूर पाण्यानं धुतलेला गालिचा वाळत नाही, कुबट वास मारतो. तागाचं अस्तर असलं तर तपकिरी डाग वर येतात. म्हणून ही पद्धत: आधी व्हॅक्यूम, मग औषधाचा हलका फवारा, मग मशीनला पॅड लावून घासणं.

आता पॅड कोणता? फरशीचे हिरवे, काळे पॅड इथे नकोतच. ते खरखरीत असतात. एकदा विसकटलेला धागा पुन्हा सरळ होत नाही. वरवरच्या मळाला सुती पॅड चालतो. आखूड लूपच्या गालिच्यातली बारीक धूळ मायक्रोफायबर चांगली धरतो. नायलॉनच्या घट्ट लूपमध्ये मळ रुतला असेल, तर ताठ धाग्यांचे पट्टे असलेला पॅड घ्या. लोकरी किंवा लांब धाग्यांच्या गालिच्याला मात्र मऊच पॅड, आणि मशीन एका जागी थांबवू नका.

लक्षात ठेवा, मळ सोडवतं ते औषध. पॅड तो उचलतो. भरलेला पॅड तोच मळ पुढे पसरवत जातो. म्हणून पॅड उलटा, मग बदला. धुताना कपडे मऊ करायचं द्रावण टाकू नका, शोषणं कमी होतं. आणि नवा पॅड आधी कोपऱ्यात फिरवून बघा: रंग उतरला का, धागा उभा राहिला का?