मद्यार्काच्या टाकीतील आंबटपणा व गोठ्यातील खाद्य

राळेगाव हा कापसाचा मुलूख. येथील गोठ्यास सरकीची ढेप नवी नाही, आणि ढेपेचा भाव चढला म्हणजे दुभत्या जनावराचा खर्च कसा वाढतो हे येथील शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको. गेल्या काही वर्षांपासून ढेपेच्या जोडीला बाजारात एक निराळे खाद्य येऊ लागले आहे. रंगाने पिवळसर तपकिरी, भरड व किंचित आंबूस वासाचे हे खाद्य 'डीडीजीएस' या नावाने विकले जाते. मका किंवा तांदळाची कणी आंबवून तीतील मद्यार्क, म्हणजेच इथेनॉल, काढून घेतल्यावर जो चोथा उरतो तो वाळवून हे खाद्य तयार होते. त्याच्या स्वस्ताईमुळे सोयाबीनच्या ढेपेची मागणी घटते अशी तेलबियांच्या उद्योगाची तक्रार आहे. सोयाबीन पिकविणाऱ्या व जनावरेही पाळणाऱ्या शेतकऱ्यास या व्यवहाराची दोन्ही टोके लागतात. तो प्रश्न निराळा. येथे विचार करावयाचा आहे तो हा चोथा ज्या टाकीतून येतो त्या टाकीचा. कारण टाकीची निगा कशी राखली जाते यावर पोत्यातील मालाचा कस पुष्कळ अंशी अवलंबून असतो.

पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याचे प्रमाण आपल्या देशात २०२५ साली शेकडा २० पर्यंत पोहोचले. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून मद्यार्क करण्यावर केंद्र सरकारने निर्बंध घातले. ते पुढे २०२४ साली उठविण्यात आले. परंतु मधल्या काळात मक्याचा वापर झपाट्याने वाढला. एक टन मक्यापासून सुमारे ३८० लिटर मद्यार्क व सुमारे ३०० किलो सुका चोथा मिळतो. तेव्हा हे खाद्य आता बाजारातून सहसा नाहीसे होणारे नव्हे, आणि ग्रामसेवकास त्याविषयी विचारणा होतच राहणार.

मद्यार्क तयार करण्याचे काम यीस्ट नावाच्या सूक्ष्म पेशी करतात. मका दळून त्याची पाण्यात पातळ लापशी करतात, ती शिजवितात, पाचक द्रव्ये घालून तिच्यातील पिष्टाची साखर करतात, आणि थंड झालेल्या लापशीत यीस्ट सोडतात. पन्नास-साठ तासांत यीस्ट ही साखर खाऊन तिचा मद्यार्क व कर्बवायू करते. शंभर किलो द्राक्षशर्करेपासून हिशेबाने ५१ किलो मद्यार्क मिळावयास हवा. प्रत्यक्षात त्याहून कमी मिळतो, कारण काही साखर यीस्टच्या स्वतःच्या वाढीस लागते आणि काही साखर चोरीस जाते.

हे चोर म्हणजे दुधाचे दही करणाऱ्या जीवाणूंचे भाऊबंद होत. उन्हाळ्यात ज्वारीच्या पिठाची आंबील करतात. तिला जो आंबटपणा येतो तोही याच कुळातील जीवाणूंमुळे. विरजणात व आंबिलीत हे जीवाणू माणसाचे मित्र असतात. मद्यार्काच्या टाकीत मात्र ते यीस्टच्या ताटातील साखर पळवितात व तिचे दुग्धाम्ल करून टाकतात. त्यांपैकी काही जाती सिरक्यातले ॲसेटिक आम्लही तयार करतात, आणि ते दुग्धाम्लापेक्षा फारच थोड्या प्रमाणात यीस्टला बाधते. म्हणजे नुकसान दुहेरी होते: साखर जाते ती जातेच, शिवाय उरलेल्या साखरेवर काम करणारी यीस्टही मंदावते. यीस्टची पेशी दुप्पट होण्यास दीड-दोन तास लागतात. जीवाणू त्याहून पुष्कळ लवकर वाढतात. काही तर अर्ध्या तासातही दुप्पट होतात. यास्तव सुरुवातीस जो हात पुढे असेल त्याचीच सरशी होते. रोज ३०० टन मका दळणाऱ्या कारखान्यात शेकडा एक एवढाच तोटा धरला तरी दिवसाला अकराशे लिटरांवर मद्यार्क हातचा जातो.

ही गोष्ट प्रथम ध्यानात आली ती कारखान्याच्याच तक्रारीवरून. १८५६ साली फ्रान्समधील लील या गावी बीटच्या रसापासून मद्यार्क करणाऱ्या एका कारखानदाराच्या टाक्या आंबट होऊ लागल्या. तेथील विज्ञान शाखेचे प्रमुख लुई पाश्चर यांच्याकडे त्याने धाव घेतली. पाश्चर यांनी चांगल्या व बिघडलेल्या टाक्यांतील थेंब सूक्ष्मदर्शक यंत्राखाली तपासले. चांगल्या टाकीत यीस्टच्या गोल पेशी दिसल्या. आंबट टाकीत त्यांहून फार बारीक असे निराळेच कण आढळले. पुढच्याच वर्षी त्यांनी दुग्धाम्ल तयार करणाऱ्या सूक्ष्म जीवांवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. आजही कारखान्यातील प्रयोगशाळा हेच करते: थेंब पाहावयाचा, आम्लता मोजावयाची, व ती चढू लागताच कारण शोधावयाचे.

हे जीवाणू येतात कोठून? धान्याबरोबर, मातीबरोबर, पाण्याबरोबर, हवेबरोबर ते सर्वत्र असतात. परंतु लापशी ८५ ते ९० अंशांवर शिजते तेव्हा त्यांतील बहुतेक मरतात. खरा शिरकाव होतो तो लापशी थंड झाल्यावर. थंड करणाऱ्या यंत्राच्या पत्र्यांमध्ये, नळाच्या वळणात, झडपेच्या मागील कोपऱ्यात, यीस्ट वाढविण्याच्या लहान टाकीत जेथे म्हणून जुनी लापशी अडकून राहते तेथे बुळबुळीत थर धरतो. त्या थराच्या आड जीवाणू सुरक्षित राहतात आणि दर नव्या टाकीस जणू विरजण लावतात. ताकाचे मडके नुसते विसळून दूध ठेवले तर ते नासते, हे घरातील बायामाणसांना ठाऊक असते. कारखान्यातही नुसते विसळून भागत नाही. कॉस्टिक सोड्याचे कढत द्रावण नळांतून व टाक्यांतून खेळवून हा थर खरवडून निघावा लागतो, आणि जेथे द्रव साचेल असे आंधळे कोपरे मुळातच ठेवू नयेत हे उत्तम.

दुसरी बाब उष्णतामानाची, व विदर्भात तीच अधिक कठीण. यीस्टला ३० ते ३४ अंश मानवतात. दुग्धाम्लाच्या अनेक जीवाणूंना त्याहून अधिक ऊब आवडते. आंबण्याच्या क्रियेतच बरीच उष्णता निर्माण होते, आणि उन्हाळ्यात जेथे पारा चाळिशीपलीकडे जातो तेथे थंड करावयाचे पाणीही कोमट असते. टाकी ३६-३७ अंशांवर गेली की यीस्ट थकते व जीवाणूंचे फावते. पाणी थंड करण्याच्या व्यवस्थेत केलेली काटकसर अशी दुसऱ्याच वाटेने वसूल होते.

तिसरा उपाय आम्लाचा. यीस्ट आम्लता बरीच सहन करते, जीवाणू तितकी करीत नाहीत. म्हणून लापशीत गंधकाम्ल घालून आम्लता योग्य राखतात. जेथे यीस्ट पुन्हा पुन्हा वापरतात, तेथे ती तासभर तीव्र आम्लाच्या पाण्यात धुऊन घेण्याचीही पद्धत आहे. हा उपाय चांगला आहे. परंतु गंधकाम्लातील गंधक नाहीसा होत नाही, तो चोथ्यात उतरतो. अशा खाद्याचा अतिरेक झाला, त्यात पिण्याचे पाणीही क्षारट असले, तर जनावराच्या मेंदूस अपाय होऊ शकतो. जनावर आंधळ्यासारखे चालू लागले किंवा भिंतीस डोके टेकून उभे राहू लागले तर ते खाद्य बंद करून पशुवैद्यास ताबडतोब बोलवावे.

चौथा उपाय प्रतिजैविक औषधांचा, आणि खरी काळजी येथेच आहे. पेनिसिलिन, व्हर्जिनियामायसिन यांसारखी औषधे टाकीत घातली की जीवाणू मरतात व यीस्टला धक्का लागत नाही. उपाय सोपा, म्हणूनच मोहाचा. ऊर्ध्वपातनाच्या व वाळवणीच्या उष्णतेने औषधाचा पुष्कळसा अंश नष्ट होतो, परंतु सर्वच होतो असे नव्हे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ च्या सुमारास अशा खाद्याचे नमुने तपासले, तेव्हा त्यांतील काहींत औषधांचे अंश आढळले. थोड्या थोड्या औषधास सरावलेले जीवाणू पुढे त्या औषधास दाद देईनासे होतात. गाईस दगडी झाली आणि नेहमीच्या सुईने उतार पडेना, अशी पाळी कोणावर येऊ नये. याच भीतीने युरोपीय संघाने व्हर्जिनियामायसिन जनावरांच्या वाढीसाठी खाद्यात घालण्यास १९९९ पासून बंदी केली. बिअर करणारे ज्या हॉप वेलीची फुले वापरतात, तिच्यातील कडू द्रव्यांनीही हे जीवाणू आवरतात. औषधाऐवजी त्यांचा वापर करणारे कारखाने आहेत. पण कढत सोडा, गार पाणी व झाडू-ब्रश यांची सर त्यांनाही नाही. जी टाकी स्वच्छ असते तिला औषध लागत नाही.

मका विकणाऱ्या शेतकऱ्याचाही येथे वाटा आहे. दाण्यावरील जीवाणू शिजताना मरतात, परंतु ओलसर दाण्यावर वाढलेल्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष शिजवूनही जात नाही. दाण्यातील पिष्ट निघून जाते, यामुळे उरलेल्या चोथ्यात हे विष सुमारे तिपटीने दाटते व दुभत्या जनावराच्या दुधात उतरते. मका ताडपत्रीवर वाळवून त्यातील ओल शेकडा १४ च्या आत आणावी व मगच भरावा. जंगलकाठच्या गावांत मोहफुले वेचतात, तेथेही धडा तोच: झाडाखाली कापड किंवा जाळी अंथरून फुले धरली व त्याच दिवशी उन्हात पसरली तर ती आंबत नाहीत. अर्थात ही फुले खाण्यासाठी व विक्रीसाठी. घरी मद्य गाळणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे.

खाद्य घेताना रंग सोनेरी तपकिरी आहे ना हे पाहावे. काळपट व करपट वासाचा माल वाळवणीत जळालेला असतो. त्यातील प्रथिने जनावराच्या अंगी लागत नाहीत. बुरशीचा कुबट वास आल्यास माल घेऊच नये. मक्याच्या चोथ्यात शेकडा २७ ते ३० प्रथिने असतात, म्हणून तो ढेपेच्या जागी काही अंशी चालतो; पण एकूण खुराकाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा अधिक देऊ नये, आणि अर्ध्या किलोपासून आरंभ करून पंधरवड्यात वाढवीत जावे. ओला चोथा उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांतच नासतो. लांबून आणावयाचा असेल तर तो घेऊ नये. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत.

विक्रेत्याजवळ तपासणीचा दाखला मागावा व प्रतिजैविकांविषयी स्पष्ट विचारावे. दाखला नसेल व शंका वाटत असेल, तर ग्रामसेवकाने चार-पाच पोत्यांतून मूठ मूठ माल काढून एकत्र करावा, अर्धा किलो कोरड्या पिशवीत बांधून तीवर विक्रेत्याचे नाव व तारीख लिहावी, आणि तो नमुना तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पोहोचवावा. पोत्याला शिवलेली चिठ्ठी मात्र पोते रिकामे होईपर्यंत फाडू नये. माल कोणत्या कारखान्याचा व कोणत्या खेपेचा हे तीवरूनच कळते.