अद्भुत नायक आणि घरचा चित्रसंग्रह

चित्रपटाच्या शौकिनांत हल्लीं दोन छंद बरोबरीनें वाढलेले दिसतात. ज्यांना इंग्रजींत ‘सुपरहिरो’ म्हणतात अशा अतिमानवी नायकांचे चित्रपट पाहणें हा एक, आणि आवडलेले चित्रपट तबकड्यांच्या रूपानें घरांत सांठवून ठेवणें हा दुसरा. पहिल्याला पुष्कळ वडील माणसें पोरखेळ म्हणतात, दुसऱ्याला उधळपट्टी. श्रोतेहो, आज या दोन्ही छंदांचा विचार मला आपणांबरोबर करावयाचा आहे. अद्भुत नायकांच्या कथेंत ग्राह्य कोणतें व टाकाऊ कोणतें, आणि घरांतल्या त्या फळीवरील तबकड्यांना करमणुकीपलीकडे कांहीं मोल आहे कीं काय, हे आजचे दोन प्रश्न.

अतिमानवी नायक हें नांव नवें असलें तरी कल्पना जुनी आहे. अमेरिकेंत १९३८ सालीं ‘सुपरमॅन’ चित्रकथांच्या पानांवर अवतरला, १९३९ सालीं ‘बॅटमॅन’ आला आणि १९६२ सालीं ‘स्पायडरमॅन’. या मंडळींची घडण पाहिली तर तीन गोष्टी बहुधा समान दिसतात. सामान्य मनुष्याला दुर्लभ असें सामर्थ्य, किंवा निदान तशीं साधनें. खरें नांव झांकणारा वेष. आणि दुर्बळांच्या रक्षणाचें आपण होऊन पत्करलेलें व्रत. मारुतीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी मुलाला यांतली पहिली व तिसरी गोष्ट कोणी शिकवावी लागत नाहीं.

आपल्या चित्रपटाचा तर जन्मच अद्भुताच्या ओढीनें झाला. दादासाहेब फाळके छायाचित्रकार होते तसे जादूगारही होते. आडनांवाचीं अक्षरें उलटवून ‘प्रोफेसर केळफा’ या नांवानें ते जादूचे प्रयोग करीत. १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढल्यावर त्यांनीं १९१७ मध्यें ‘लंकादहन’ व १९१९ मध्यें ‘कालियामर्दन’ काढला. ‘लंकादहना’त राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्या अण्णा साळुंके यांनीं वठविल्या, तर ‘कालियामर्दना’त बाळकृष्ण झाली ती फाळके यांची लहानगी कन्या मंदाकिनी. यंत्र मध्येंच थांबवून माणूस नाहींसा करणें, एकाच फितीवर दोन वेळां चित्रण करणें, अशा त्या काळच्या युक्त्या होत्या. आज शेंकडों कारागीर संगणकापुढें बसून जें निर्माण करितात, त्याचें बीज याच युक्त्यांत आहे.

पुढें १९२९ सालीं कोल्हापुरांत निघालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ सालीं पुण्यास आली. दामले आणि फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेला तिचा ‘संत तुकाराम’ १९३६ सालचा. त्यांत चमत्कार आहेत, वैकुंठगमनही आहे. परंतु चित्रपट संपल्यावर मनांत काय उरतें? तुकोबांची निरिच्छ वृत्ति, जिजाईचा त्रागा, आणि घरांतली ओढगस्त. माणूस आधीं ओळखीचा झाला, म्हणून चमत्कार पटला. १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत या बोलपटाचा गौरव झाला. ज्यांना मराठीचा एक शब्दही कळत नव्हता त्यांना तो भिडला, याचें कारणही मला हेंच वाटतें.

त्याच सुमारास, १९३५ सालीं, मुंबईंत वाडिया मूव्हिटोननें ‘हंटरवाली’ काढला. मुखवटा चढवून, चाबूक हातीं घेऊन अन्यायाचा समाचार घेणारी नादिया ही आपल्याकडच्या वेषधारी नायकांची पूर्वजच म्हणावयाची. तेव्हां मागील तीन खुणांपैकीं दुसरीही आपल्या पडद्याला परकी नव्हती.

आतां ‘संत तुकारामां’तून मिळालेला मापदंड अलीकडच्या चित्रपटांना लावून पाहूं. १९७८ सालच्या ‘सुपरमॅन’ चित्रपटांत नायकाला सर्व शक्ति प्राप्त असतात. परंतु त्याला वाढविणारा पिता हृदयविकारानें मरतो आणि ती शक्ति तेथें निरुपयोगी ठरते. हा प्रसंग लहान आहे, पण सारा चित्रपट त्यावर उभा आहे. आपल्याकडच्या १९८७ सालच्या ‘मिस्टर इंडिया’मध्यें अदृश्य होण्याचें यंत्र ज्याच्या हातीं येतें त्याच्या घरांत अनाथ मुलें आहेत आणि वाण्याचें देणें थकलेलें आहे. त्यामुळें अदृश्य माणसाचा ठोसा आपणांस खरा वाटतो. २००६ सालचा ‘क्रिश’ आणि मराठींत २०१५ सालीं आलेला ‘बाजी’ हे याच वाटेवरचे पुढील प्रयत्न होत.

उलट, जेथें शहरेंच्या शहरें कोसळतात आणि रडणारें कोणी दिसत नाहीं, जेथें एका भागांत मेलेला नायक पुढच्या भागांत कसल्यातरी युक्तीनें उठून बसतो, तेथें डोळे दिपतात खरे, पण मन कोरडें राहतें. मृत्यु जर परत घेतां येत असेल, तर त्यागाला किंमत कोठून येणार? सामर्थ्य किती, यापेक्षां त्या सामर्थ्याची किंमत नायकानें काय मोजली, हा प्रश्न आपल्या मुलांनीं चित्रपटगृहांतून बाहेर पडतांना विचारावा. तो विचारण्याची संवय लागली तर हा पोरखेळ पुष्कळ शिकवून जाईल.

आतां संग्रहाकडे वळतों. या चित्रपटांचा आणि संग्रहाचा संबंध निकटचा आहे. २००८ सालच्या ‘आयर्न मॅन’पासून २०१९ सालच्या ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’पर्यंत एकाच कथेचे धागे बावीस चित्रपटांतून विणलेले आहेत. विसावा भाग पाहणाऱ्याला पांचवा पुन्हां पाहावासा वाटणारच. पोथीचे अध्याय जसे एकत्र बांधून ठेवावे लागतात, तसे हे चित्रपट हाताशीं असावे लागतात.

घरीं चित्रपट पाहण्याची सोय सामान्य माणसाला मिळून फार काळ झाला नाहीं. जपानांत १९७५ सालीं ‘बीटामॅक्स’ आणि १९७६ सालीं ‘व्हीएचएस’ या जातींच्या फिती निघाल्या. आपल्याकडे १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळीं रंगीत दूरदर्शन आलें, आणि त्यानंतर गल्लोगल्लीं व्हिडिओ कॅसेटी भाड्यानें देणारीं दुकानें उघडलीं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं वर्गणी काढून एका रात्रीपुरतें यंत्र आणावें आणि पहांटेपर्यंत तीन चित्रपट संपवावे, अशी तेव्हांची रीत होती. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस व्हीसीडी आली. तिच्यावर एक चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत मावे. मग डीव्हीडी आली आणि २००६ सालीं ब्लू-रे.

या तबकड्यांतला फरक आंकड्यांनीं लवकर समजेल. पडद्यावरचें चित्र बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. आपल्याकडील व्हीसीडीवर आडवे ३५२ व उभे २८८ ठिपके असत. डीव्हीडीवर ७२० व ५७६. ब्लू-रेवर १९२० व १०८०. आणि २०१६ पासून मिळूं लागलेल्या चौथ्या पिढीच्या तबकडीवर ३८४० व २१६०. म्हणजे व्हीसीडीवर जेथें एक ठिपका होता तेथें या शेवटच्या तबकडीवर ऐंशींहून अधिक ठिपके आहेत. आणखी एक गोष्ट परदेशस्थ नातेवाइकांकडून भेटी मागविणारांनीं ध्यानांत ठेवावी. डीव्हीडी व ब्लू-रे यांना विक्रीचे प्रदेश ठरवून दिलेले असतात. डीव्हीडीच्या वांटणींत हिंदुस्थान पांचव्या प्रदेशांत आणि अमेरिका पहिल्या प्रदेशांत मोडते. त्यामुळें भाच्यानें मोठ्या हौसेनें न्यू जर्सीहून पाठविलेली तबकडी येथील यंत्रांत मुकी राहण्याचा संभव असतो. चौथ्या पिढीच्या तबकडीला हें बंधन नाहीं.

परंतु आतां हीं यंत्रेंच दुर्मिळ होत आहेत. व्हीएचएस यंत्रें तयार करणाऱ्या शेवटच्या जपानी कारखान्यानें २०१६ सालीं तें काम थांबविलें. ब्लू-रे यंत्रांच्या धंद्यांतून सॅमसंग २०१९ सालीं आणि एलजी २०२४ सालीं बाहेर पडली. लोक म्हणतात, सर्व चित्रपट तारेवरून घरीं येतात, मग तबकडी कशाला? प्रश्न रास्त आहे, पण त्याचें उत्तर २०२२ सालच्या एका घटनेंत आहे. वॉर्नर ब्रदर्सनें कोट्यवधि डॉलर खर्चून ‘बॅटगर्ल’ हा अतिमानवी नायिकेचा चित्रपट चित्रित केला आणि हिशेबाच्या सोयीसाठीं तो कायमचा पेटींत बंद केला. तो चित्रपटगृहांत आला नाहीं आणि घरींही आला नाहीं. जे चित्रपट एकदां दाखविले गेले तेही करार संपतांच यादींतून नाहींसे होतात. ‘विकत घ्या’ असें लिहिलेली खूण दाबून पैसे भरले तरी आपण बहुधा वस्तु घेत नाहीं. पाहण्याचा परवाना घेतों. ही गोष्ट ग्राहकाला स्पष्ट सांगितली पाहिजे, असा कायदा कॅलिफोर्निया संस्थानानें २०२४ सालीं केला, यावरूनच घोटाळा किती झाला होता तें दिसतें.

पुणेकरांना तर हरविलेल्या चित्रपटांचें दुःख दुसऱ्या कोणी सांगावयास नको. १९६४ सालीं या शहरांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें. पी. के. नायर यांनीं तेथें १९९१ पर्यंत आयुष्य वेंचून गांवोगांवच्या पेट्या, गुदामें आणि माळे धुंडाळले. तरीसुद्धां १९३१ सालच्या ‘आलम आरा’ या पहिल्या हिंदी बोलपटाची एकही प्रत हातीं लागली नाहीं, आणि आपल्या मूकपटांपैकीं अगदीं थोडेच उरले आहेत. कारण साधें होतें. १९५० च्या सुमारापर्यंतच्या फिती नायट्रेटच्या असत. त्या झटकन् पेट घेत, आपोआप कुजत, आणि त्यांतली चांदी काढण्यासाठीं कित्येक वितळविल्या गेल्या. २००३ च्या जानेवारींत प्रभातच्याच जुन्या आवारांत लागलेल्या आगींत संग्रहालयाच्या पुष्कळ नायट्रेट फिती भस्मसात् झाल्या. आणि जें वांचलें त्याची हकीकत पाहा. ‘कालियामर्दना’चीं रिळें फाळके यांच्या कुटुंबीयांकडून मिळालीं, आणि फाळके यांच्या टिपणांच्या आधारें नायर यांनीं तीं जुळविलीं. मंदाकिनीचा तो बाळकृष्ण आज आपण पाहूं शकतों, कारण एका घरानें जुनीं रिळें टाकून दिलीं नाहींत.

म्हणून माझें संग्राहकांस सांगणें असें आहे. परदेशी नायकांच्या प्रती जगभर लक्षावधि घरांत आहेत. त्या बुडणार नाहींत. हौसेनें त्या जरूर ठेवाव्या. परंतु फळीवरचा एक खण मराठी चित्रपटांसाठीं राखावा. ऐंशीं-नव्वद सालांतले कित्येक लहान मराठी चित्रपट केवळ कॅसेटवर किंवा स्वस्त व्हीसीडीवर निघाले. त्यांची आठवण ठेवणारीं माणसें कमी, आणि जपणारीं त्याहून कमी.

जपण्याची रीत अवघड नाहीं. तबकडी कडेला धरावी, डबींत उभी ठेवावी, ऊन व दमट भिंत यांपासून दूर असावी; तिच्यावर कागद चिकटवूं नये. घरीं भरलेली तबकडी कारखान्यांतल्या छापील तबकडीहून लवकर बिघडते, म्हणून तिची दुसरी प्रत असावी आणि ती दुसऱ्या घरीं असावी. पुण्याच्या पावसाळ्यांत कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी येते. अशी फीत तशीच यंत्रांत घातली तर बुरशी यंत्रास व पुढच्या प्रत्येक फितीस लागते. ती आधीं जाणत्या माणसाकडून स्वच्छ करवून तिची संगणकावर नक्कल घ्यावी. या कामांत सर्वांत आधीं घरच्या मुंजी-लग्नांच्या फिती घ्याव्या; चित्रपटाची दुसरी प्रत कोठें तरी सांपडेल, पण आजीच्या आवाजाची सांपडणार नाहीं. चोरटी प्रत मात्र घेऊं नये. निर्मात्याचें नुकसान तर होतेंच, शिवाय त्या चित्राला संग्रहांत ठेवण्यासारखा कसही नसतो. शेवटीं एक वही करावी: चित्रपटाचें नांव, साल, भाषा, कोठून मिळाला, कोणत्या यंत्रावर चालतो. संग्राहक गेल्यावर मुलाबाळांना ती फळी अडगळ वाटणार कीं ठेवा वाटणार, हें पुष्कळ अंशीं त्या वहीवर अवलंबून असतें.

अद्भुत नायकाजवळ काळ मागें फिरविण्याची विद्या असते, असें कित्येक चित्रपट सांगतात. आपणांजवळ ती नाहीं. गेलेलें चित्र परत आणतां येत नाहीं. असलेलें सांभाळणें मात्र प्रत्येक घराच्या आंवाक्यांत आहे, आणि त्याला फार मोठें कपाटही लागत नाहीं.