स्कॅनर मेला, असं म्हणण्याआधी

वडिवळे धरण भरत आलं की नाणे मावळात सगळंच सादळतं. पापड, काडेपेटी, गोधड्या. तळेगावच्या एमआयडीसीत आमची पोरं बारकोड स्कॅनरही सादळला म्हणायची. मी कामशेतहून लोकल पकडून तिथल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला जायचो. पावसाळ्यात फोनवरचं वाक्य ठरलेलं असे: "दादा, स्कॅनर मेला."

मेलेला क्वचितच असायचा.

त्याचं काम तसं सोपं. लेझरचा लाल ठिपका हलत्या आरशावर पडतो आणि आरसा तो इतक्या वेगानं इकडून तिकडं नेतो, की आपल्याला सलग रेघ दिसते. पांढऱ्या जागेवरून जास्त उजेड परततो, काळ्या पट्टीवरून कमी. आतला फोटोडायोड हा चढउतार टिपतो. १९७४ साली ओहायोतल्या ट्रॉय गावच्या दुकानात च्युइंगमचं पाकीट स्कॅन झालं, तेव्हाही तत्त्व हेच होतं. लाल उजेड लाल शाईवरूनही कागदासारखाच परततो, म्हणूनच लाल शाईचा बारकोड या यंत्राला कोऱ्या कागदासारखा दिसतो. एकदा खोकी छापणाऱ्यानं हौसेनं तसे छापून आणले होते. सगळा लॉट परत गेला.

'मेला' असा फोन आला की आधी पांढरा कागद धरून रेघ पाहायची. कागदावर, स्कॅनरमध्ये डोळा घालून नव्हे. रेघेऐवजी ठिपका दिसला तर आरसा अडकलाय, म्हणजे दुखणं खरंच स्कॅनरचं. रेघच नसेल तर वीज तपासायची, मग खोकं समोर आल्याची वर्दी देणारा सेन्सर. हातगाडीचा धक्का लागून त्याचं तोंड फिरलेलं मी कितीदा पाहिलंय! हिरवा दिवा लागतो पण संगणकावर काहीच येत नाही किंवा भलतीच अक्षरं येतात, तर वायर आणि बॉड रेट, म्हणजे माहिती धाडण्याचा वेग, बघा. एकीकडे ९६०० आणि दुसरीकडे १९२०० असेल तर दोघांचं जमायचं कसं?

पावसाळ्यात मात्र पहिला संशय काचेवर. पुठ्ठ्याची धूळ आणि दमट हवा मिळून तिच्यावर साय धरते. ती सदऱ्याच्या बाहीनं पुसू नये, ओरखडे कायमचे राहतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड घ्यावं. चकचकीत लेबलाची गोष्ट वेगळी. त्याच्यासमोर स्कॅनर अगदी सरळ बसवला तर उजेड थेट उलटा येऊन त्याचे डोळे दिपतात. पंधराएक अंश तिरका केला की वाचू लागतो.

माझ्या खिशात कायम एक लेबल असायचं, हमखास वाचलं जाणारं. जुलैतल्या एका रात्रपाळीत तेच कामी आलं. एकाच मालाची खोकी 'नो रीड' होत होती आणि सुपरवायझरनं नवा स्कॅनर मागवूनही टाकला होता. खिशातलं लेबल समोर धरलं. पहिल्या झटक्यात वाचलं. म्हणजे चोर दुसरीकडे होता.

खोक्यावरचं लेबल भिंगाखाली घेतलं. एका बारीक पट्टीच्या जागी वरपासून खालपर्यंत केसाएवढी पांढरी रेघ. थर्मल प्रिंटरच्या हेडवर तापणाऱ्या ठिपक्यांची रांग असते, आमच्या प्रिंटरला मिलिमीटरमागे आठ. त्यातला एक मेला होता. लेबल सरकतं त्याच दिशेनं आमच्या पट्ट्या उभ्या छापल्या जात, त्यामुळे त्या ठिपक्यानं अख्खी पट्टी खाल्ली. आडव्या छापल्या असत्या तर प्रत्येकीला एवढीशी खाच पडली असती आणि लेझरची रेघ तिच्या वरून किंवा खालून निघून गेली असती. बाकीच्या मालाच्या कोडांत नेमकी त्या जागी पांढरी फट होती, म्हणून तिथं कुणाला पत्ताच लागला नव्हता.

नवं हेड यायला चार दिवस होते. तोवर छपाईत बारकोड दोन ठिपके डावीकडे सरकवला आणि लाइन चालू केली. सकाळी नवा स्कॅनर आला. स्टोअरवाल्यानं त्याच्या खोक्यावरचा बारकोड जुन्याच स्कॅनरपुढे धरून आवक नोंदवली.