दोन भाषांच्या घरातील किशोरवयीन मुले व त्यांचे आरोग्य



गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, गोदावरीच्या तीरावरील सिरोंचा तालुक्यात शाळेची भाषा मराठी, बाजाराची बहुतांशी तेलुगू, तर कित्येक पाड्यांची गोंडी वा माडिया आहे. नदीपलीकडील तेलुगू मुलगी गोंडी बोलणाऱ्या घरात नांदावयास येते आणि तिचे मूल मराठी शाळेत बसते, असेही घडते. अशा मुलाच्या किशोरवयाकडे आपण किती लक्ष पुरवितो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

काही वर्षांपूर्वी सीमेवरील एका शाळेच्या तपासणीत मी सातवीच्या एका मुलीस घरची हकीगत सांगावयास लावले. ती म्हणाली, “आई बाजारातून आला.” वर्ग हसला, मुलगी खाली बसली आणि पुन्हा बोलली नाही. मी शेरेपुस्तकात ‘भाषेत मागे’ असे लिहून मोकळा झालो.

वस्तुतः दोष मुलीच्या बुद्धीचा नव्हता. मराठीत तीन लिंगे आहेत. तेलुगू व गोंडी या द्राविड भाषांत एकवचनी क्रियापदाचे एक रूप पुरुषाकरिता आणि दुसरे स्त्री व वस्तू या दोहोंकरिता असते. तिन्ही भाषांचे नियम एकाच जिभेवर सांभाळणारे मूल कधी अडखळावयाचेच.

पुढील भेटीत ती मुलगी वर्गात नव्हती. चौकशी करता कळले की, तिला धाप लागे, थकवा येई व आरोग्य केंद्रात रक्तक्षयाचे निदान झाले होते. शाळेतून लोहाच्या गोळ्या मिळत होत्या. परंतु त्या घेतल्यावर शौचास काळी होते म्हणून आईने भयाने त्या बंद केल्या. हा परिणाम निरुपद्रवी असल्याचे सूचनापत्रात छापले होते, पण ते मराठीत होते आणि आईस मराठी वाचता येत नव्हते. माझा शेरा आणि आपले पत्र, दोन्हीही त्या घरापर्यंत पोहोचलेच नाहीत!

हा प्रश्न लहान नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के रक्तक्षयी आढळल्या. साप्ताहिक योजनेतील गोळीत १० ते १९ वर्षांच्या मुलांकरिता ६० मिलिग्रॅम लोह असते. ती जेवणानंतर घ्यावी. लगेच चहा घेतल्यास लोह अंगी लागत नाही, लिंबू वा आवळा मात्र साहाय्य करतो. ज्या मुलास सिकलसेल आजार आहे त्यास वैद्यकीय सल्ल्यावाचून लोहाची गोळी देऊ नये.

मनाचे ओझेही ध्यानी घ्यावे. तेलुगू रीतीने मुलीच्या प्रथम ऋतुप्राप्तीचा समारंभ होतो. माडिया व गोंड वस्त्यांत त्या दिवसांत तिला कुर्माघरात बसविण्याची चाल आहे. आईचे एक, आजीचे दुसरे व पुस्तकाचे तिसरे. अशा वेळी मुलीने विचारावे कोणास? तसेच दवाखान्यात आईचे दुखणे मुलानेच मराठीतून सांगावे लागते, तेव्हा वयास न पेलणारी चिंता त्याच्या माथी येते.

सबब, शिक्षकांनी पुढील गोष्टी कराव्यात :

(१) प्रत्येक मुलाच्या घरी कोणत्या भाषा बोलल्या जातात, याची नोंद ठेवावी.
(२) आरोग्याची सूचना आईस तिच्या भाषेत तोंडी पोचवावी. याकामी आशाताई वा गावातील जाणत्या बाईचे साहाय्य घ्यावे. मुलासच दुभाषी करू नये.
(३) भाषेच्या चुकीवर वर्गास हसू देऊ नये. ‘तुझ्या घरी हे कसे म्हणतात?’ असे विचारून ते शब्द फळ्यावर लिहावेत.
(४) ऋतुधर्माविषयी शिक्षिकेने वा आशाताईने मुलींशी एकांतात बोलावे. घरच्या कोणत्याही रीतीची निंदा करू नये.
(५) मूल अबोल झाले, अन्न टाकू लागले वा वारंवार गैरहजर राहिले, तर घरी जाऊन भेटावे व आरोग्य पथकास कळवावे. मानसिक साहाय्यासाठी २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा निःशुल्क दूरध्वनी आहे.

ती मुलगी पुढे शाळेत परतली. तिच्या शिक्षिकेने घरी जाऊन, शेजारणीच्या तोंडून तेलुगूत दोन वाक्ये सांगितली, एवढ्यानेच काम झाले. मूल गप्प बसले म्हणजे त्यास काही येत नाही असे मानण्यापूर्वी, त्याच्या घरचा उंबरठा एकदा ओलांडावा, एवढीच विनंती.