रक्तपेशीची शिदोरी

बाळंतीण घरी यायच्या आदल्या दिवशी माळ्यावरची ट्रंक खाली उतरते. थोरल्याची झबली, टोपडी, दुपटी बाहेर निघतात आणि खोलीभर डांबरगोळीचा वास सुटतो. बहुतेक बाळांना त्याने काही होत नाही. एखादे बाळ मात्र दोन-तीन दिवसांत पिवळेधमक होते, लघवी गडद तपकिरी होते आणि रक्त तपासावे तर हिमोग्लोबिन झपाट्याने उतरलेले असते. डांबरगोळीतले नॅफ्थलीन श्वासातून आणि कातडीतून अंगात गेलेले असते, हे खरे. पण मूळ अडचण बाळाच्या लाल पेशींत असते. ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, तिथे कमी पडते. एवढे लांबलचक नाव डॉक्टरही घेत नाहीत. ते जी-सिक्स-पीडी म्हणतात.

लाल पेशी अस्थिमज्जेतून रक्तात येण्याआधी आपले केंद्रक टाकून देते. तंतुकणिकाही तिच्याकडे उरत नाहीत. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर निघालेल्या जुन्या काळच्या वारकऱ्याने शिदोरी बांधून घ्यावी, तशी ही पेशी १२० दिवस पुरतील एवढी विकरे बरोबर घेऊन निघते. वाटेत नवे काही बनवता येत नाही. त्यात वाहायचा असतो ऑक्सिजन. त्याच्यापासून सतत थोडे थोडे पेरॉक्साइडसारखे दाहक रेणू तयार होतात आणि हिमोग्लोबिनचीच नासाडी करू पाहतात. त्यांना निकामी करते ग्लुटाथायोन, आणि वापरलेले ग्लुटाथायोन पुन्हा ताजे करायला लागते एनएडीपीएच. जी-सिक्स-पीडीचे काम नेमके इथे आहे: ग्लुकोज-६-फॉस्फेटमधला हायड्रोजन काढून एनएडीपीला द्यायचा आणि त्याचे एनएडीपीएच करायचे. शरीरातल्या इतर पेशींना एनएडीपीएच मिळवायचे दुसरेही मार्ग आहेत. लाल पेशीला हा एकच.

या विकराची साखळी ५१५ अमिनो आम्लांची. एकटी साखळी काही कामाची नसते. दोन किंवा चार एकत्र आल्या तरच विकर चालू लागते. ऑक्सफर्डमध्ये मार्गारेट ॲडम्स यांच्या गटाने २००० साली मानवी विकराच्या स्फटिकाची रचना प्रसिद्ध केली, तेव्हा एक मजेशीर गोष्ट स्पष्ट दिसली. प्रत्येक साखळीत एनएडीपीचे दोन रेणू बसतात. एक हायड्रोजनची देवघेव करतो. दुसरा त्या जागेपासून दूर, दोन साखळ्या जुळतात त्या बाजूला, नुसता बसून असतो. त्याच्यामुळे सगळी घडी टिकते. ज्या दोषांमुळे माणसाला जन्मभर रक्तक्षयाचा त्रास होतो, त्यांतले बरेचसे या दुसऱ्या रेणूच्या आसपास सापडतात.

बाकीचे शेकडो दोष इतके जाचक नसतात. त्यांतला एक तर आपल्या रेल्वेमार्गावरचा. पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठणाऱ्या नाशिककराला कल्याण स्टेशन पाठ असते. त्याच गावाचे नाव या विकराच्या एका प्रकाराला मिळाले आहे. १९८४ साली एका कोळी कुटुंबात सापडलेल्या या प्रकाराची नोंद ‘जी-सिक्स-पीडी कल्याण’ अशी झाली. त्या काळी असे प्रकार ओळखायचे ते विकर विजेच्या दाबाखाली किती वेगाने सरकते, उष्णतेत किती टिकते यावरून. पुढे १९९२ मध्ये थेट जनुक वाचल्यावर कळले, की ‘कल्याण’ आणि वेगळा मानलेला ‘केरळ’ हे दोन्ही एकच आहेत: ३१७ व्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन. ऋण भाराच्या जागी धन भार आला, बाकी सगळे जसेच्या तसे. आज पुस्तकांत त्याला ‘केरळ-कल्याण’ म्हणतात.

हा दोष असलेली बहुतेक माणसे एरवी ठणठणीत असतात. प्रश्न येतो तो विशिष्ट वस्तूंशी गाठ पडल्यावर. बाकला ही शेंग त्यांपैकी एक. भूमध्य सागराच्या काठी तिने बरेच बळी घेतले. (आपल्या वालाचा तिच्याशी संबंध नाही, डाळिंब्यांची उसळ खुशाल खावी.) आपल्याकडे महत्त्वाचे आहे ते प्रिमाक्विन. व्हायव्हॅक्स हिवतापाचे जंतू यकृतात दडून बसतात आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतात; त्यांना संपवायला ही गोळी १४ दिवस घ्यावी लागते. अमेरिकेत इलिनॉयच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तिच्या चाचण्या झाल्या. आज कुठलीही नीतिसमिती त्यांना परवानगी देणार नाही. पण काही कैद्यांच्याच लाल पेशी का फुटतात याचा शोध घेताना १९५६ साली हे विकर पकडले गेले. गंमत अशी, की विकराची ही उणीव मुळात हिवतापापासून थोडे संरक्षण देते, असे मानले जाते. म्हणूनच जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथे ती जास्त आढळते, आणि जिथे ती जास्त तिथेच या गोळीची गरज.

सुरगाणा, पेठ, इगतपुरीसारख्या पावसाळी, डोंगराळ तालुक्यांत गोळी देण्याआधी तपासणी व्हायला हवी, असे मला वाटते. तिची सोपी पद्धत १९६० च्या दशकापासून आहे: रक्ताचा थेंब रसायनात मिसळून टिपकागदावर ठेवायचा आणि अतिनील दिव्याखाली धरायचा. एनएडीपीएच तयार झाले असेल तर ठिपका चमकतो, नसेल तर काळाच राहतो. मात्र ही पद्धत बायकांच्या बाबतीत फसू शकते. विकराचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषाकडे एक्स एकच, त्यामुळे निकाल सरळ. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स जागा असतो. एका एक्सवर दोष असेल तर तिच्या रक्तात धड आणि सदोष अशा दोन्ही लाल पेशी एकत्र फिरतात. ठिपका चमकतो, कागदावर ‘नॉर्मल’ लिहिले जाते आणि गोळीनंतर निम्म्या पेशी फुटू शकतात. टॅफेनोक्विन या एकाच मात्रेच्या नव्या औषधासाठी तर विकराची क्रिया ७० टक्क्यांहून जास्त आहे हे मोजूनच पाहावे लागते. तिथे नुसता ठिपका चालत नाही.