डोंगराचा देव आणि ग्रामसभेचा ठराव

चुडाव्याच्या शिवारात डोंगर नाही. गोदावरी खोऱ्यातली काळी जमीन, सोयाबीन-कापसाची रानं आणि गावाजवळून पूर्णेहून नांदेडला जाणारी रेल्वे. त्यामुळे कुठल्या जंगलात आदिवासींनी खाणीला विरोध केल्याची बातमी आली की पारावर एकच सूर निघतो: दगडाला देव मानून बसलेत, विकास होऊ देत नाहीत. या सुरात वाईट हेतू नसतो, माहिती मात्र अपुरी असते.

पहिला गैरसमज डोंगराच्या आकाराचा. माथा सपाट म्हणजे वरती नुसतं माळरान, तिथं खणलं तर कुणाचं काय जातं? आपल्या मराठवाड्यातल्या टेकड्यांचे माथे सपाट दिसतात, कारण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरले आणि त्यांचाच हा काळा बेसाल्ट झाला. खाणीच्या वादात सापडलेल्या ओडिशातल्या नियमगिरीचं कारण वेगळं आहे. रायगडा आणि कालाहंडी जिल्ह्यांतल्या या रांगेचे माथे सपाट आहेत, कारण मूळ खडक लाखो वर्षं पावसात झिजून वर बॉक्साइटचा जाड थर उरला. हा थर सच्छिद्र असतो. तो पावसाळ्यात पाणी पितो आणि पुढचे महिने हळूहळू सोडत राहतो. उतारावरचे झरे त्यावर चालतात, वंशधारा नदीला या रांगेतून पाणी मिळतं. म्हणजे ॲल्युमिनियमसाठी जो थर काढायचा, तोच डोंगराचा पाणीसाठा.

तिथल्या डोंगरिया कोंध लोकांची श्रद्धा अशी की माथ्यावर नियमराजा राहतो, म्हणून माथ्यावरची झाडं तोडायची नाहीत, तिथं नांगर घालायचा नाही. शेती करायची ती खालच्या उतारावर. पाणी धरून ठेवणाऱ्या जागेला हात न लावण्याचा हा नियम आहे, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला आहे. याला अंधश्रद्धा म्हणणं मला पटत नाही.

दुसरा गैरसमज अधिक बोचरा: तिथं देऊळ नाही, मूर्ती नाही, म्हणजे खाण आल्यावर हा देव उभा केला. गोंड, माडिया, कोंध यांच्या देवाला बांधलेलं देऊळ लागतच नाही. देव झाडात, दगडात, अख्ख्या डोंगरात असतो. आपल्या भागातली माणसं नवरात्रात माहूरगड चढतात. उद्या कुणी त्या गडाखालच्या दगडाची किंमत काढून गड फोडायला निघालं, तर परभणी-नांदेडात किती गावं गप्प बसतील? गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या माडियांसाठी सुरजागडचा डोंगर असाच आहे. तिथं ठाकुरदेव आहे आणि दर जानेवारीत त्याच्या यात्रेला परिसरातल्या गावांची माणसं जमतात.

‘आदिवासी विरोध करोत, शेवटी सरकार ठरवेल’ हे वाक्य तर शिकलेली माणसंही म्हणतात. नियमगिरीवर सुमारे ६६० हेक्टरांत खाण काढून लांजीगडच्या कारखान्याला बॉक्साइट द्यायचं ठरलं होतं. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वनहक्क कायदा, २००६ खाली लोकांच्या धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांचाही विचार झाला पाहिजे आणि तो ग्रामसभांनी करावा. त्यासाठी राज्य सरकारने बारा गावं निवडली, सात रायगड्यातली आणि पाच कालाहंडीतली. जुलै-ऑगस्टमध्ये जिल्हा न्यायाधीशांसमोर एकेक ग्रामसभा झाली. बाराही गावांनी नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने खाणीला परवानगी नाकारली. लहान लहान वस्त्यांच्या ठरावाने एवढा मोठा प्रकल्प थांबला, आणि तो कायद्याच्या वाटेनेच थांबला.

मात्र म्हणून प्रत्येक डोंगर वाचतो, असंही नाही. सुरजागडला २००७ मध्ये सुमारे ३४८ हेक्टरांचा लोहखनिजाचा पट्टा दिला गेला. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तिथली वाहनं मोठ्या संख्येने जाळली. २०२१ पासून काम जोरात सुरू झालं आणि २०२३ मध्ये वर्षाला तीस लाख टनांऐवजी एक कोटी टन काढायला मंजुरी मिळाली. एटापल्ली संविधानाच्या पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतं, तिथं ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदाही लागू आहे. तरी अनेक ग्रामसभांची तक्रार आहे की आम्हाला नीट विचारलंच नाही.

इथंच आणखी एक सोयीचा समज पसरतो: जो विरोध करतो तो नक्षलवादी. वाहनं जाळणं हा हिंसाचार आहे, तो तसाच म्हटला पाहिजे. पण ठराव लिहून कलेक्टर कचेरीत नेणारा माणूस नेमकी उलटी वाट चालतो आहे. त्यालाही त्याच खात्यात टाकलं, तर कायद्याने बोलणाऱ्याला जागा कुठे उरते? आणि सगळेच माडिया विरोधात आहेत, असंही समजू नये. त्या भागातली कितीतरी तरुण मुलं आज खाणीत कामाला आहेत. एकाच घरात पगार आणि ठाकुरदेव दोन्ही असतात. माझ्या मते म्हणूनच तिथं ग्रामसभेत मोकळेपणाने बोलणं झालं पाहिजे होतं. बाहेरच्यांनी ‘त्यांना हवंच आहे’ किंवा ‘त्यांना नकोच आहे’ असं परस्पर ठरवून टाकणं दोन्ही बाजूंनी चूक.

शेवटी आपल्या जवळचं. हे प्रश्न गडचिरोलीचे, आपले नव्हेत, असं इथं वाटतं. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित मानलेल्या तीन आदिवासी जमाती आहेत: कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. त्यांतले कोलाम शेजारच्या नांदेड जिल्ह्यात किनवटकडे राहतात. गोंड आणि आंध समाजाची गावंही तिकडे आहेत, आणि आंध तर हिंगोलीतही आहेत. चुडाव्याहून नांदेड गाठलं की किनवटची गाडी मिळते.

वनहक्क कायदा फक्त आदिवासींचा आहे, हाही गैरसमजच. १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, जंगलात राहून त्यावर जगत आलेल्या इतर कुटुंबांनाही तो लागू आहे. दावा आधी ग्रामसभेत जातो, तिथून उपविभागीय समितीकडे आणि मग जिल्हा समितीकडे. दाव्यांची मुदत केव्हाच संपली, असं सांगून लोकांना परत पाठवलं जातं. तर कायद्यात दावा करायला शेवटची तारीखच नाही. किनवट-माहूरकडे ज्यांचे पाहुणे आहेत, त्यांनी एवढी एक गोष्ट त्यांच्या कानावर जरूर घालावी.